आधी डिग्री

१४ एप्रिल

आज पुन्हा नळ्या! काचेच्या ठोकळ्यात वेटोळं घालून बसलेली एक नळी, शेजारी तीच नळी दुसऱ्या बाजूने. सांगा, कुठून बघताय — वरून, मागून, डावीकडून? निम्म्याहून जास्त चुकल्या. मेडिकलच्या प्रवेश-चाचणीत हे कशाला विचारतात, देव जाणे. पेशंटच्या पोटात शिरून आतडं डावीकडून बघायचंय का मला?

आबिटूरला, म्हणजे इथल्या बारावीला, १.९ मिळाले; इथे १.० म्हणजे सगळ्यात वरचा नंबर. इंगोलश्टाटमध्ये सगळे म्हणाले, वा वा! मेडिकलवाले मात्र १.९कडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून स्टुटगार्टला येऊन बायोलॉजी घेतलं, आणि जोडीला ही चाचणी — टीएमएस. मागच्या खेपेला आपटले. दोनदाच देता येते. ही शेवटची.

डॉक्टरच व्हायचंय मला. कुणी विचारलं की 'बघू' म्हणते. इथे लिहायला काय जातंय.

२१ एप्रिल

ईस्टरला घरी. चहा घेता घेता बाबांनी माझं पुस्तक ओढून घेतलं आणि एकामागून एक सगळ्या नळ्या सोडवल्या. सगळ्या बरोबर! मल्हार म्हणाला, "बाबा, क्रास!" माझा हा धाकटा भाऊ मराठी कळत असून कौतुकसुद्धा जर्मनमध्येच करतो.

"अगं, दिवसभर हेच करतो मी," बाबा म्हणाले. गाडीतल्या वायरी दारातून, सीटखालून कशा न्यायच्या, ते आखायचं हे त्यांचं काम. "लांबून बघत बसू नकोस. मुंगी हो आणि नळीवरून चालत जा."

मग जेवताना ठरलेलं भाषण. "थेसिस कधी देतेयस, शरू? जुलैत डिग्री हातात आली की मेडिकल कर नाहीतर काहीही कर. पण आधी डिग्री. अर्धवट सोडलेलं मला चालत नाही." मंडळाच्या पाडव्याला त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलंय. आईने पेढ्यांसाठी दूध पावडर आणून ठेवलीय. जुलैच्या पेढ्यांची पावडर एप्रिलमध्ये!

३० एप्रिल

आज पायाखालची जमीन सरकली.

वेगेत, म्हणजे आम्ही काहीजण मिळून राहतो त्या फ्लॅटमध्ये, माझ्या शेजारच्या खोलीत राहते ती रीना. आई आपली, वडील हेर्त्सोगेनआउराखचे जर्मन. तिलाही मेडिकलच करायचंय. मी सहज म्हटलं, जुलैत बॅचलर संपेल. तिच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. "संपेल? तू संपवणार? बिस्ट दु फेरऱ्युक्ट? अगं, वेडी आहेस काय तू?"

नियम असा आहे म्हणे. जुलैच्या मध्यापर्यंत अर्ज करायचा. तोवर एक डिग्री पूर्ण झालेली असेल, तर मेडिकल हे 'दुसरं शिक्षण' ठरतं. मग वेगळी रांग, आणि त्या रांगेला मूठभर जागा. डिग्री अपुरी असेल तर सगळ्यांबरोबर नेहमीच्या रांगेत.

विश्वास बसेना म्हणून युनिव्हर्सिटीच्या सल्ला केंद्रात गेले. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "गेनाऊ." अगदी बरोबर.

गेनाऊ काय गेनाऊ! म्हणजे मी अर्धवट राहायला हवं. मुद्दाम!

५ मे

बाबांना उद्या सांगते.

६ मे

नाही सांगितलं. फोनवर पहिलाच प्रश्न — "थेसिस?" मी म्हटलं, "करेक्शन्स चालू आहेत." कसली करेक्शन्स! लिहून केव्हाच झालाय.

११ मे

चाचणी दिली. नळ्या आल्या तेव्हा मुंगी झाले. अख्खा हॉल माना वाकड्या करकरून बघत होता आणि मी आपली चालत होते, आत, वर, वळसा, बाहेर. बाबांना फोन करून सांगावंसं वाटलं. नाही केला. केला असता तर थेसिसचं विचारलं असतं.

२४ मे

रोज विचारतात! शेवटी वैतागून कॉपीशॉपमध्ये जाऊन दोन प्रती बांधून आणल्या. सही केली, व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. आई म्हणाली, "अगंबाई, सोनेरी अक्षरं! अहो, इकडे या, बघा तरी." बाबा जवळ येऊन इतका वेळ बघत राहिले की मीच फोन हलवला.

"आता फक्त नेऊन द्यायचाय," मी म्हटलं. "पण बायोफिजिक्सची एक परीक्षा राहिलीय ना आठ जुलैला. तिच्या अभ्यासात वेळच मिळत नाहीये."

माझा बेत असा: परीक्षा द्यायची, अर्ज भरायचा, आणि थेसिस त्यानंतर. थोडासा उशीर, बास. खोटं असं नाहीच म्हणता येणार. आल्झो, म्हणजे, थोडंसं.

२० जून

कसंबसं लिहितेय.

बाबा कामासाठी इकडे आले होते. मी लायब्ररीत, म्हणून रीनाने दार उघडलं आणि ती लगेच क्लासला पळाली. मी परतले तेव्हा टेबलावर आईने दिलेली थालीपिठं होती. थेसिस नव्हता.

फोन केला. गाडीतच होते, निघायच्या तयारीत. इतके खूश! "सरप्राइज! तुला वेळ नाही ना? प्र्युफुंग्सआम्टच्या पेटीत टाकून आलो दोन्ही प्रती. सही होतीच तुझी."

परीक्षा विभागाच्या पेटीत. पेटीत पडलेला थेसिस परत मिळत नाही.

मी ओरडले. बाबांवर ओरडले! रांग, नियम, करेक्शन्सचं खोटं — सगळं एका दमात बाहेर आलं. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. एवढा मोठा रस्ता एकट्याने गाडी चालवत गेले असतील.

थालीपिठं खाल्ली नाहीत. मग खाल्ली. रडत रडत खाल्ली.

२२ जून

आईचा फोन. "हे कुणाशी बोलतच नाहीयेत. जेवतात आणि खोलीत जाऊन बसतात. तू आधी सांगायचंस ना गं!"

सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं.

१ जुलै

निकाल लागला. इतके चांगले मार्क की रीनाने मला उचललंच! नेहमीच्या रांगेत या मार्कांवर कुठे ना कुठे नंबर लागतोच, म्हणते. आणि आजच थेसिसचे मार्कही आले. गाइड म्हणतात, उत्तम काम, मुद्दाम लवकर तपासलं. दोन आनंदाच्या बातम्या, आणि मी मेन्सात, युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, सूप समोर घेऊन रडतेय.

आता उरलं फक्त बायोफिजिक्स. पास झाले की डिग्री पूर्ण आणि ती रांग बंद. नापास झाले तर हिवाळ्यात पुन्हा देता येईल. रीना म्हणते, जाऊच नकोस परीक्षेला, त्यात काय!

त्यात काय? मी आजवर कशात नापास झालेले नाही. आणि बाबा? खोटं बोलले, ओरडले, आता त्यांची ती डिग्रीही हिसकावून घेऊ?

४ जुलै

ठरलं. परीक्षा देणार आणि पास होणार. बाबांसाठी. मूठभर तर मूठभर जागा. रीनाने माझ्याशी बोलणं टाकलंय. बाबांचाही फोन नाही. कुणीच बोलत नाही म्हटल्यावर अभ्यास मात्र झकास होतोय.

मनात सारखं येतं, मी डॉक्टर होणार नाही. पान उलटते. पुन्हा तेच येतं.

७ जुलै

बाबांचा फोन! त्यांनी सगळे नियम वाचून काढलेत, जर्मनमधले, एकेक ओळ. सल्ला केंद्रातल्या त्या बाईंनाही फोन लावला म्हणे.

"शरू, उद्याची एकच राहिलीय ना?"

"हो. तयारी झालीय बाबा. पास होईन. नक्की."

"नको होऊस."

मला कळेचना.

"नापास हो," बाबा म्हणाले. "राहू दे अर्धवट. आईला मी सांगतो."

८ जुलै

नाव लिहिलं आणि कोरा पेपर दिला. सगळी उत्तरं येत होती! बाहेर बाबा उभे. रजा काढून आलेले, हातात आईने केलेल्या पेढ्यांचा डबा. "झालीस ना नापास?" म्हणाले, आणि मी हो म्हणायच्या आत पेढा माझ्या तोंडात कोंबला.