दांड्यांना लागलेला शेंदूर

मुक्काम पाली, आश्विन शुद्ध अष्टमी

तीर्थरूप म्हाळूमामांच्या पायांशी भाचा बंकट याचा दंडवत. मी इथं खुशाल आहे, तुमच्या गुडघ्याची खुशाली कळवावी. सारजामामींचा दात पडला की अजून हलतोच आहे? घरातल्या सर्वांना विचारलं म्हणून सांगा. (रामहरी गुरुजी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा ‘सर्वांना’ हा शब्द जरा मोठ्यानं वाचा. चुलीपर्यंत गेला पाहिजे.)

विशेष हे की, मी परत येणार नाही. पोळ्याला तुम्ही चारचौघांत म्हणालात, “दसऱ्यापातुर नोकरी पक्की कर, न्हाईतर गुमान मेंढरामागं ये.” तेव्हा मी मान खाली घातली, पण मनात खूणगाठ बांधली की मेंढरांचं तोंड म्हणून पुन्हा पाहायचं नाही. दसरा परवावर आला, गाठ तशीच आहे. आपल्या गावचा आसाराम तिकडं सांगत फिरतो की बंकट सुंदरराव देशमुखांच्या माळावर दिवसभर नुसता उभा राहतो, त्याचं बुजगावणं झालंय. (हे पत्र त्याच्याच हाती पाठवतोय, त्याला वाचता येत नाही म्हणून बरं.) मामा, मी उभा राहतो हे खरं, पण उभं राहणं हीच नोकरी आहे. सुंदरराव हैदराबादेत शिकले आणि येताना क्रिकेटचा नाद घेऊन आले. त्या खेळात अकरा गडी असतात, त्यातला मी सर्वांत लांबचा, पार बांधाजवळचा. फळीनं मारलेला चेंडू बांधाबाहेर जाऊ द्यायचा नाही, अडवून परत फेकायचा. राखणच म्हणा, फक्त पीक नाही. नोकरी कशी लागली ते तुम्हाला ठाऊकच आहे. ज्येष्ठात कळप घेऊन इथून जाताना तो लाल चेंडू मेंढरांत येऊन पडला. कोण बे माझी मेंढरं हाणतंय म्हणून मी रागानं परत भिरकावला, तो शंभर पावलांवर उभ्या सुंदररावांच्या छातीत बसला. दुसऱ्या कुणी चामडं सोलून काढलं असतं. त्यांनी छाती चोळत माझं नाव विचारलं.

आता पहिल्या सामन्याचं ऐका, म्हणजे आसारामाकडून तिखटमीठ लावलेलं ऐकावं लागणार नाही. औरंगाबादेची मंडळी खेळायला आली होती. त्यात एक वकीलसाहेब, अंगानं भारी, धावायला लागले की आधी पोट निघायचं आणि मग ते. चेंडू माझ्याकडं आला, वकीलसाहेब धावत सुटले, आणि मी जन्मभर जे केलं तेच केलं. तुम्हीच शिकवलंत ना, की चुकार मेंढराला मारायचं नसतं, त्याच्या तोंडापुढं ढेकूळ मारायचं, म्हणजे ते आपोआप वळतं? मी तोंडानं “हाऽड! हाऽड!” केलं आणि चेंडू वकीलसाहेबांच्या पायापुढं वीतभर अंतरावर आपटला. वळले की हो! आले तसे परत पळाले. पण आमचे सगळे गडी पोट धरून खाली बसले, चेंडू उचलायला कुणी उरलं नाही, तेवढ्यात त्यांनी तीन धावा काढल्या आणि आम्ही हरलो. वर वकीलसाहेब कमरेवर हात ठेवून विचारतात, “मेरेकू बकरा समज्या क्या रे?” मी मान हलवून म्हणालो, “न्हाई साहेब, मेंढरू.” (सुंदररावांच्या मते ही माझी त्या दिवसाची दुसरी चूक.)

सुंदररावांनी रात्री बोलावून घेतलं. “बंकट, माणूस वळवायचा न्हाई. तो पोचायच्या आत तीन दांड्या पाडायच्या, की तो बाद. नवमीला तीच मंडळी पुन्हा यायचीत. तवा जमलं तर तू पक्का. न्हाई जमलं तर मी तरी काय करू?” असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी पहाटे बिंदुसरेच्या वाळूत बाभळीच्या तीन काठ्या रोवल्या, उसवलेला जुना चेंडू घेतला आणि रोज दोनशे फेकी करायच्या असं ठरवलं. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी येऊन पाहतो तर तिन्ही काठ्यांना शेंदूर, पुढं नारळ, उदबत्ती. म्हशी घेऊन येणाऱ्या भामाबाईंना वाटलं, नदीत नवा देव बसला! आता शेंदूर लागलेल्या देवावर चेंडू कोण फेकणार? फेकायला उचललेला हात जोडूनच खाली यायचा. नवीन काठ्या रोवल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यांनाही शेंदूर. म्हातारीची भक्ती दांडगी. शेवटी तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. तिनं देवापुढं दोन फुलं लावून कौल घेतला, उजवं पडलं, म्हणजे देवाचा होकार. म्हणाली, “देवाला लागल्याचा राग न्हाई येत, बाबा. तू नेम चुकलास तर मातर येईल.” तेव्हापासून दोनशे फेकी आणि दोनशे नमस्कार चालू आहेत. दंड सुजलाय, कंबर मोडलीय, पण दहातल्या सात लागतात. उद्या नवमी. मामा, मी पाडणार म्हणजे पाडणार. भीती वाटते, नाही असं नाही, पण माघारी यायला मन तयार नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
बंकट

ता. क. सामना झाला. काल खंडेनवमी हे मी विसरलोच होतो. सुंदररावांनी फळी, चेंडू, दांड्या सगळ्याची शस्त्रांसारखी पूजा केली होती. दांड्यांना हळदकुंकू, वर झेंडूची माळ! औरंगाबादकरांना जिंकायला दोन धावा हव्या, शेवटची जोडी, आणि धावत कोण सुटलं म्हणता? वकीलसाहेब. हात आपोआप त्यांच्या पायापुढं निघाला होता, तो दात खाऊन आवरला. “देवा, माफी असावी” म्हणालो आणि फेकला. मधली दांडी उडाली, माळ वकीलसाहेबांच्या टोपीवर. मी तसाच धावत जाऊन दांड्यांपुढं आडवा झालो. वकीलसाहेबांना वाटलं त्यांच्याच पाया पडलो, त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला. नोकरी पक्की झाली, मामा. मी तिथंच रडलो.

ता. क. दुसरा. पावसानं बांधापलीकडं माळावर गवत गुडघाभर झालंय, चेंडू सापडत नाहीत. सुंदरराव कापायला माणसं लावणार होते. माझ्या तोंडून निघून गेलं, माणसं कशाला, वीस मेंढरं पुरेत. तेव्हा दिवाळीनंतर वीस मेंढरं पाठवा. कानतुटकी मेंढी पुढं असू द्या, बाकीच्या तिच्यामागं येतात. पण मी बांधावर उभा राहणार, मेंढरं कोण वळवणार? आणि कानतुटकी तर तुमच्या मुक्ताच्याच हाकेला वळते, माझ्याही नाही. म्हणून मेंढरांसोबत तिलाही द्या. रीतसर, हळद लावून. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो असं म्हणतात, पण मी हक्क सांगत नाही, मागतो आहे. (गुरुजी, इथवर वाचून झालं की जरा थांबा. मामा काय म्हणतात ते तर लिहाच, पण आत भाकरी थापण्याचा आवाज मध्येच थांबला का, तेवढं आधी कळवा.)