रिकाम्या खोलीची नोंद

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज रुजू झालो! तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा मिळाली आहे: पूर्वेला दोन मोठ्या खिडक्या, सहा लांब टेबले, एक कुरकुरणारे कपाट आणि भिंतभर फळा. मास्तराला आणखी काय हवे? विभागप्रमुख बाईंनी चावी देताना सांगितले की शेवटच्या वर्षाची एक टोळी तुमच्या गळ्यात बांधतेय, सांभाळून घ्या. टोळी तिघांची निघाली. एकाला सगळे दाढीवाला म्हणतात. दुसरा कविराज, कारण तो प्रोग्रामसुद्धा यमक जुळवून लिहितो म्हणे. तिसरी चिमणी. ती खुर्चीवर कधी बसत नाही, टेबलाच्या कडेवर बसते, आणि निळ्या चिकटपट्टीचे तुकडे दातांनी तोडून हाताशी लावून ठेवते.

प्रकल्पाचे विषय फळ्यावर मांडले. चालत्या माणसाचा फोन एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, तेव्हा बोलणे मध्येच का तुटत नाही? सगळे मनोरे बंद पडले, तर फोनाफोनांतून निरोप पुढे कसा सरकवावा? आणि माझा लाडका विषय: कोणाजवळ काहीही उपकरण नसताना, नुसत्या लहरींवरून खोलीतली माणसे मोजणे. चिमणी म्हणाली की म्हणजे आता राउटर हजेरी घेणार, मग आमचं काही खरं नाही. तोच विषय ठरला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज तत्त्व समजावले. वायफायच्या लहरी खोलीभर पसरतात आणि भिंतींवरून परततात. माणूस मध्ये आला की त्यांची वाट बदलते. श्वासागणिक छाती चार-पाच मिलिमीटर हलते, तेवढेही अँटेनाला कळते. पण त्यात भिंती, टेबले, कपाट यांचाही वाटा असतो. म्हणून आधी रिकाम्या खोलीची दहा मिनिटे नोंद घ्यायची, आणि पुढे जे मोजू त्यातून ती वजा करायची. उरेल ते माणूस. एवढ्या मोठ्या विद्येच्या मुळाशी दुसरीच्या पोराची वजाबाकी आहे, हे सांगताना मला स्वतःलाच भरून आले.

दाढीवाल्याने माणसे मोजणाऱ्या यंत्राला दिवे आणि दाराचे विजेचे कुलूप जोडले. आकडा शून्य झाला की दिवे बंद, दार बंद. नोंद चालू असतानाही दार उघडत नाही, कोणी मध्येच घुसू नये म्हणून. ही सोय मी सुचवली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नोंद झाली, आणि फजितीही. सर्वांना बाहेर काढून मी व्हरांड्यात डोकी मोजली: तीन. दहा मिनिटांनी आत जातो, तर चिमणी मागच्या टेबलाखालून बाहेर आली. चौथ्या अँटेनाची तार चिकटवत बसली होती, कानात गाणी. तिसरे डोके आमच्या प्रयोगशाळा-सहाय्यकांचे होते. ते गंमत बघायला येऊन उभे राहिले होते. माणसे मोजायला निघालेल्या मास्तराला तीनपर्यंत मोजता येईना! पोट धरून हसलो.

नोंद पुन्हा घ्यायला हवी होती. पण आलेख इतका स्वच्छ आला होता, आणि सोमवारी सादरीकरण. चिमणी म्हणाली की मी हललेसुद्धा नाही सर, मला टेबल समजा. तीच नोंद ठेवली.

सोमवार, १० फेब्रुवारी

सादरीकरण छान झाले. आत आम्ही पाच होतो, यंत्र चार म्हणाले. चिमणी आत असो वा बाहेर, आकडा हलत नाही. दाढीवाला तिला चिडवत होता की अगं, तू फर्निचरमध्ये जमा झालीस. विभागप्रमुख बाईंनी दोघा मुलांची पाठ थोपटली. चिमणीकडे त्यांनी पाहिलेच नाही. ती हिरमुसली. तिला म्हटले, उद्या नवी नोंद घेऊ.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बैठकीत दिवस गेला. नोंद राहून गेली. हजेरी घेताना चिमणीचे नाव ओलांडून माझे पेन पुढे गेले, कसे ते कळले नाही. ती म्हणाली की सर, मी चार हाका मारल्या, तेव्हा कुठे तुम्ही वळलात. डोळे भरले होते. उद्याचे पहिले काम तेच, असा शब्द दिला. तारा गुंडाळते म्हणून ती मागे थांबली. मी बाहेर पडताच दिवे आपोआप गेले आणि कुलूप खट्कन लागले. किती सुबक काम!

बुधवार, १२ फेब्रुवारी

चिमणी आली नाही. दाढीवाल्याला विचारले, तर म्हणाला की कोण चिमणी, आम्ही पहिल्यापासून दोघंच आहोत, तिसरा भिडू मागून मागून तोंड दुखलं. मला वाटले, थट्टा. कविराजाचा चेहरा मात्र थट्टेचा नव्हता.

तिच्या घरी फोन केला. आई अदबीने म्हणाली की नंबर चुकला असेल, मला मुलगी नाही. फोन ठेवण्याआधी मात्र तिने हळूच विचारले की काय नाव म्हणालात तिचं? सांगायला तोंड उघडले — आणि मला आठवेना.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी ही वही वाचली, म्हणून कळले की चिमणी होती.

प्रयोगशाळेच्या दाराला आतल्या बाजूने, मुठीपाशी, निळ्या चिकटपट्टीचे तुकडे. दातांनी तोडलेले. सव्वीस.

मंगळवारी ती आत होती. मी दिव्यांचे कौतुक करत जिना उतरलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

जुनी नोंद पुसली. यंत्राच्या सगळ्या पिना उपटल्या. काही बदलले नाही. दाराला एकतीस तुकडे.

नवी, खरोखर रिकामी नोंद हवी. पण खोली रिकामी व्हायची, तर ती बाहेर हवी. ती बाहेर यायची, तर खोली रिकामी हवी. फळ्यावर चारदा मांडून पाहिले. सुटत नाही.

दाराला खुर्ची लावली, दिवसभर उघडे ठेवले. बाळ, बाहेर ये, असे सांगत राहिलो. सहाय्यक म्हणाले की साहेब, मोकळ्या खोलीशी काय बोलताय, घरी जा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज नवा तुकडा नाही. एकही नाही. म्हणजे ती बाहेर पडली — पडली असणारच. सगळे पुन्हा जोडले. नोंद सुरू केली. बाहेर पडायला तीस सेकंद. वही उचलायला वाकलो —

बाहीवर निळा तुकडा.

दुसरा.

मनगट धरले आहे कोणीतरी. लहान हात, गार. सुटत नाही. दुसऱ्या हाताने लिहितो आहे. लॅपटॉप दोन हातांवर — पोचत नाही —

व्हरांड्यात कविराज. हाक मारली. कानात गाणी. आत न बघता खुर्ची काढली, दार लोटून घेतले. नोंद घेताना दार लावायचे, हे मीच शिकवले —

नोंदीत उमटू नये म्हणून श्वास रोखून पाहिला. दहा मिनिटे कोण रोखणार —

पडद्यावर: नोंद पूर्ण. खोलीतील माणसे: शून्य. दिवे गेले. कुलूप.

आता दिसते. टेबलाच्या कडेवर बसली आहे, गाल बसलेले. रडते आहे. म्हणते की सर, चुकलं माझं, एकटीला फार भीती वाटत होती. तिला म्हटले, असू दे. तिचे नाव विचारले. तिलाही —

सोमवार असावा

मुले आली. दाढीवाला माझ्या खुर्चीवर बसला. विचारतो आहे की आपल्याला मार्गदर्शक कधी मिळणार. कविराज म्हणतो की बाई म्हणाल्या, शोधतोय. आम्ही दोघे ओरडतो आहोत. दार उघडेच आहे, पाऊल मात्र उंबरठ्यापाशी —

निघाले ते. चिमणीने चिकटपट्टी माझ्या हातात दिली. तुकडा दात लावून तोडायचा, म्हणते, आणि मुठीच्या वर, नव्या माणसाला दिसेल असा —