कुंडीतल्या मिरचीचं पान

वडनेर भोलजी
दि. ९ सप्टेंबर २०२४

चि. समता हिस आत्याचे अ. आ. व जयभीम.

पत्राचं कारण एकच. माझ्या अंगणातल्या कुंडीतल्या मिरचीचं पान आकसलं आहे.

तुझ्या बाबांच्या शेतातली मिरची अशीच आकसली, तेव्हा शेजारच्या तुळशीरामने नुकतंच मक्यात तणनाशक मारलं होतं. ते वाऱ्याने धुऱ्याचा बांध ओलांडून अलीकडे आलं, असं तुझ्या बाबांच्या, जानरावच्या मनाने घेतलं. कृषी सहायक बाई म्हणाल्या, तणनाशकाने पान असं होतं आणि चुरडामुरडा रोगानेही होतं. मी शाळेत विज्ञान शिकवायची तेव्हापासूनच्या माझ्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली पान ठेवलं. कोळी नाही, फुलकिडे नाहीत, बुरशीचा धागा नाही. रोग नाही, असं लिहून मी सही केली आणि त्या कागदाच्या जोरावर जानरावने तालुक्याला तक्रार दिली. वीस तारखेला चौकशी आहे. भरपाई अंगावर आली तर तुळशीरामला बैलजोडी विकावी लागेल. शाळेपासूनचे हे दोघे मित्र सध्या एकमेकांकडे पाठ करून निंदण करतात.

पण माझ्या कुंडीवर कोण फवारणार? मधे अख्खं गाव आहे. म्हणून शेतातलं एक आणि कुंडीतलं एक, अशी दोन पानं ओल्या टिपकागदात गुंडाळून पाठवते आहे. तुझ्या मोठ्या यंत्रात पाहा. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिलं.

वेळेवर जेवत जा. माझा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं सांगत नाही.

तुझी,
सिंधूआत्या

पुणे
दि. १६ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास सविनय जयभीम.

जेवते आहे. तुझ्या पितळी लाडक्याला माझा नमस्कार सांग. त्याची चूक नाही.

विहिरीत दगड टाकला की लाटा भिंतीवर आपटून परत येतात. पाण्यात उभी काडी असेल तर त्या तिला ओलांडून जातात, जणू काडी नाहीच. उजेडाचंही तसंच आहे. त्याच्या लाटेहून फार लहान वस्तू असेल, तर भिंग कितीही चांगलं असो, ती वेगळी दिसत नाही. आमच्या यंत्रात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉन सोडतात. त्यांची लाट लाखपटीने आखूड. काचेच्या भिंगांच्या जागी तारांची वेटोळी असतात. त्यांचं चुंबकत्व किरण वळवतं. हवेच्या कणांवर आपटून किरण विखुरतो, म्हणून नळीतली हवा काढून टाकावी लागते. रस्त्यावरून ट्रक गेला तरी चित्र थरथरतं, म्हणून यंत्र तळमजल्यावर आहे.

पानाचा रस गाळून, साफ करून, त्याचा थेंब जाळीवर वाळवला आणि त्यावर जड धातूचा क्षार टाकला. तो धातू कणाभोवती साचतो आणि किरण अडवतो. पडद्यावर काळोख पसरतो आणि मधे कणाचा फिकट आकार उरतो. दोन्ही पानांत तेच निघालं, आत्या. जुळे कण, एकमेकांना चिकटलेले, भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखे. अशा दोन-अडीच हजार जोड्या शेजारी मांडल्या, तर एका केसाची रुंदी भरेल. इतकी वर्षं हे काम करते, तरी मी उठून खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

हा विषाणू आहे. पांढरी माशी तो नेते. माशी तू पाहिली असशील, ती काय घेऊन फिरते ते दिसणं शक्य नव्हतं. आजारी झाडं लगेच उपटा, नाहीतर तुळशीरामकाकांची मिरचीही जाईल. फोटोच्या दोन प्रती पाठवते.

एक मात्र तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. तुझ्या काचेखाली पेशीतला रस वाहताना दिसतो. माझ्याकडे येतं ते वाळलेलं, रंग नसलेलं.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिही.

तुझी,
समता

वडनेर भोलजी
दि. २० सप्टेंबर २०२४

चि. समता हिस अ. आ.

फोटो पोचले. सकाळभर तेच पान काचेखाली ठेवून बसले होते. तिथे ते आहेत, लाखोंनी आहेत, हे आता माहीत होतं. भिंग बदललं, आरसा फिरवला. हिरव्या पेशी शांतपणे एकमेकींना लागून होत्या, बाकी काही नाही. एवढ्या जवळ, आणि तरी नाही.

मला काही दिसलं नाही, एवढंच मी लिहायला हवं होतं. मी 'रोग नाही' असं लिहिलं.

चौकशीत तसं सांगितलं. जानरावने तक्रार मागे घेतली. मग आम्ही दोघं तुळशीरामच्या शेतात गेलो. मी त्याला म्हटलं, चूक माझ्या सहीची आहे. फोटो उन्हात धरून तो बराच वेळ पाहत राहिला. मग विचारलं, हे जितं हाय का? मी म्हटलं, पानाबाहेर नाही, पानात शिरलं की आपल्यासारख्या आणखी प्रती करवून घेतं. तो जानरावकडे वळला.

"याच्यापायी तू माह्याशी बोलत नोता बे?"

तुळशीरामच्या मिरचीच्या कडेच्या ओळीत चार झाडं आकसलेली होती. जानराव तिथे बसून ती उपटायला लागला. थोड्या वेळाने तुळशीराम त्याच्या शेजारी बसला.

तुझ्या यंत्राला या म्हातारीचा सलाम. दिवाळीला ये. तोवर आत्या मनात असू दे.

तुझी,
सिंधूआत्या

ता. क. देण्याघेण्याची नोंद अशी. तुळशीरामला दिलं: फोटोची एक प्रत, तक्रार मागे घेतल्याच्या अर्जाची पोच, आणि माझा सहीचा जुना कागद, फाडून. तुळशीरामने दिलं: ज्वारीचं बियाणं, पुढच्या लागवडीआधी धुऱ्याच्या दोन्ही अंगांनी दाट पेरायला, म्हणजे माशी अडेल.