बाबाचा खर्ज

प्रिय दादूस,

कुरिअरने पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, बाबा ठीक आहे. म्हणजे गुरुवारपर्यंत तरी. फोनच केला असता, पण खारदांड्याच्या आपल्या घरात फोनवर बोललेलं पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, आणि हे बाबाच्या कानावर गेलं तर वाट लागली. गुरुवारी सकाळी त्याच्या घशाचं ऑपरेशन आहे. गाठ कॅन्सरची आहे, स्वरयंत्रच काढणार आहेत. एवढं मी फोनवर नमितावहिनीला कळवलं होतं, तिने तुला सांगितलं असेल. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दोनदा तो हॉस्पिटलच्या दारातून परत आला. मुका होऊन जगण्यापेक्षा असाच जातो म्हणाला. ज्याची हाक इंजिनांच्या आवाजातही अख्ख्या बंदरावर ऐकू जायची, त्याला मी काय समजावणार? शेवटी शब्द दिला, तुझा आवाज मी ठेवते. तीन दिवस त्याला अंधेरीला माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत नेलं. काचेपलीकडे एकटा बसायला लाजत होता, म्हणून मी आत त्याच्या शेजारीच बसले. सहा तास बोलला रे! वादळं, आईशी झालेली भांडणं, तुझं नाव तर चार वेळा घेतलं. आवाज घोगरा झालाय, पण खालचा खर्ज तसाच आहे, लहानपणी त्याच्या छातीवर डोकं ठेवलं की कानात घुमायचा तोच. तिसऱ्या दिवशी घरी येऊन त्याने ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

आज दुपारी मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं. बाबा पत्र्याच्या डब्यातून बोलतोय. खर्ज नाहीच. माईक आणि कॉम्प्युटरच्या मध्ये आमचं एक यंत्र असतं, त्यावर खालचे आवाज गाळायचं बटण असतं. एसीची घरघर, रस्त्यावरचे ट्रक, असलं सगळं कॉम्प्युटरपर्यंत पोचायच्या आधीच काढून टाकतं. आदल्या दिवशी एका जाहिरातीतल्या बाईचा आवाज फोनवरून आल्यासारखा हवा होता, म्हणून मी ते मेलं बटण पार वर नेलं होतं. खाली आणायचं विसरले. बाहेर बसले असते तर पहिल्या वाक्यालाच कळलं असतं. पण मी त्याच्या शेजारी, खरा बाबाच कानात घुमत होता! रेकॉर्ड झाल्यावर गाळलं असतं तर परत आणता आलं असतं. आधीच गाळलेलं कुठेच नसतं, दादूस. तीन ठिकाणी कॉप्या करून ठेवल्यात, तिन्ही तशाच.

परत रेकॉर्ड कर म्हणशील. बाबा आता बोलतच नाही. दुखतं, आणि पोरीने सगळं ठेवलंय, मग उगाच कशाला, असं खुणेने सांगतो. शेजाऱ्यांपुढे छाती काढून माझ्याकडे बोट दाखवतो. खरं सांगितलं तर तो सही मागे घेईल, आणि डॉक्टर म्हणतात आता थांबायला वेळ नाही. न सांगावं, तर गुरुवारनंतर एक दिवस तो खुणेने सांगेल, माझा आवाज लाव. मला भीती वाटते रे. त्याच्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटते.

म्हणून हे पत्र. तू भर सीझनमध्ये होडी सोडून वास्कोला गेलास, त्याला तीन वर्षं झाली. त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे साठलंय ते अजून बाहेर पडलेलं नाही. बुधवारी दुपारी ये आणि दारात उभा राहा. तुला बघून तो गप्प बसूच शकणार नाही, दुखलं तरी. पाप आहे हे, मला कळतं, ते माझ्या माथी. मी माईक लावून बाजूलाच बसेन, बटण बंद आहे ना ते दहादा बघून. फक्त एक कर, लगेच त्याच्या पाया पडू नकोस. उलट उत्तरं दे. त्याला ओरडू दे, शिव्या देऊ दे. मला त्या सगळ्या हव्यात.

तुझीच,
घाबरलेली कल्पिता