हरड इम्युनिटीचा काढा

मनीषनगर, नागपूर
९ मार्च २०२१

ती. अंजनाबाईस,

धाकट्या लहानूचा जय भीम. बाई, तुझा दमा कसा आहे? कुहीची हवा तुला मानवत असेल. (विक्की, आजीला हे पत्र वाचून दाखवताना मास्क लाव. आणि मध्येच हसू नको.) मी खुशाल आहे, आमची गल्लीही आता उठून बसली आहे. झालं ते फोनवर सांगता आलं नाही, कारण नात माया बाजूलाच उभी असते. म्हणून लिहितो.

गेल्या गुरुवारी टीव्हीवर एक डॉक्टर हिंदीत सांगत होता की सत्तर टक्के लोकांत हर्ड इम्युनिटी आल्याशिवाय कोरोना थांबायचा नाही. मी ताडकन उठलो! हरड म्हणजे आपला हिरडा. इतवारीतला जडीबुटीवाला त्याला हरडच म्हणतो. पोट साफ व्हायला आईने आपल्याला किती वेळा चाटवला, आणि इकडे सगळं जग औषध शोधत फिरत होतं! तसाच ऑटो करून इतवारी गाठली. गल्लीत माणसं चाळीस, सत्तर टक्के म्हणजे अठ्ठावीस. (दोनदा मोजले. चौथीपर्यंत माझं गणित पक्कं होतं.) शुक्रवारी सकाळी मोठा गंज भरून काढा उकळला आणि दारोदार जाऊन एकेकाला ग्लासभर पाजला. हल्ली काढ्याला कोणी नाही म्हणत नाही. समोरच्या शोभाताईंनी तर दोन ग्लास घेतले, कारण संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर नातीचा वाढदिवस होता आणि ऐंशी पाहुणे यायचे होते.

बारा वाजल्यापासून गल्लीत चिटपाखरू दिसेना. दोन वाजता सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या. शोभाताईंचे वामनराव संडासाच्या खिडकीतून ओरडले, "लहानूभाऊ, काय पाजलं गा? मले बसल्या जागचं उठता येऊन नाही राहिलं!" रोग बाहेर पडून राहिला, असं मी त्यांना आनंदाने सांगितलं. त्यावर ते जे बोलले ते विक्कीला वाचायला देता येत नाही. वाढदिवस रद्द झाला. आलेला केक फ्रिजमध्ये गेला, त्याच्याकडे कोणाच्यानं पाहवेना.

आता खरं ऐक. रविवारी उमरेडहून फोन आला. त्याच वाढदिवसाला येणारे शोभाताईंचे भाऊ सहकुटुंब पॉझिटिव्ह निघाले! दोन दिवस तोंड फिरवून बसलेल्या शोभाताईंनी मला केक पाठवला. मी म्हटलं, पाहा हरडची करामत! माया (ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे) कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, हर्ड म्हणजे कळप. तुम्ही इम्युनिटी नाही दिली, लॉकडाऊन लावला." कळप म्हटल्यावर मला राग आला. आपण काय बकऱ्या आहोत? पण तिने नीट समजावलं. बहुतेकांनी लस घेतली की रोगाला पुढे जायला माणूस सापडत नाही, मग ज्याची छाती कमजोर तोही वाचतो. तोवर गर्दी करायची नाही. छाती म्हटल्यावर मला तूच दिसलीस.

जास्त काय लिहू. रागावू नको.

तुझा,
लहानू

ता. क. जानेवारीत मीच तुला फोनवर सांगितलं होतं की सुई घेऊ नको, ताप अंगात मुरतो. ते मला कोणी सांगितलं तेही आता आठवत नाही. विक्की म्हणतो, तू हट्ट धरून बसलीस की लहानू शिकलेला आहे, त्याचा शब्द मी मोडणार नाही. बाई, मोड वं.

आणखी ता. क. बाही वर केलेला माझा फोटो विक्कीच्या मोबाइलवर आला असेल. तो काल लसीच्या केंद्रावर काढलेला, सुईच्या आधीचा आहे. फोटो काढून माया ड्युटीवर गेली आणि मी लघवीचं निमित्त करून मागच्या दाराने घरी आलो. तिला अजून माहीत नाही. पुढच्या बुधवारी सकाळच्या एसटीने मास्क लावून कुहीला येतो. दवाखान्यात दोघांची नावं लिहून ठेव, तुझं आधी. लहानपणी देवी टोचणारा आला तेव्हा मी धानाच्या ढोलीत लपलो होतो, आणि तू आधी हात पुढे करून म्हणाली होतीस, "काही दुखत नाही गा." तुझ्या डोळ्यांतलं पाणी मला ढोलीतून दिसलं होतं. तरी मी बाहेर आलो. बुधवारी पुन्हा तसंच म्हण.