पूर्वग्रह न ठेवता

शनि. ४ मार्च २००६, फहाहील, कुवेत
ब्लॉगवर पुन्हा तो टेक्सासचा वकील. विचारतो, "आपण लॉ कुठून केलंत?" पुण्यातून, बाबा, दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी वडिलांनी व्हिसा हातात ठेवला. दिवसभर टेंडरं टाइप करतो, घरी अमेरिकन कोर्टांचे निकाल वाचून त्यावर इंग्रजीत लिहितो. कुणाच्या बापाचं काय जातं?
उत्तर दिलं नाही. असल्यांना देऊच नये.

सोम. ६
गोविंद मेस्त्री ऑफिसखाली उभा. सावंतवाडीकडचा सुतार. अमेरिकन कंपनीच्या इथल्या साइटवर करवतीला गार्ड नव्हतं, डाव्या हाताची दोन बोटं गेली. अमेरिकेतल्या कुणा वकिलानं तिकडंच दावा लावलेला, त्याचा निकाल पोस्टानं आला. वकील फोन उचलत नाही, चोर लेकाचा. शेवटची ओळ: डिसमिस्ड विदाउट प्रेज्युडिस.
म्हटलं, "मेस्त्री, कोर्टानं मनात काही पूर्वग्रह न ठेवता दावा फेटाळला. विषय संपला."
"म्हंजे कोर्टाचो माझ्यार राग नाय मां?"
"नाही."
"मगे झाला तर. देवाक काळजी."
माझंच डोकं सणकलं. ह्याला राग कसा येत नाही?

शुक्र. १०
झणझणीत पोस्ट टाकली. पूर्वग्रह नाही म्हणे! मग बोटं कुणी खाल्ली?
तासाभरात टेक्सासवाला हजर. 'तुम्ही अर्थ उलटा लावलाय, त्या माणसाला मला लिहायला सांगा.' खाली ईमेल. आला मोठा शहाणा. कॉमेंट पुसली, त्याला ब्लॉक केलं. जेवण गोड लागलं.

गुरु. २३
मेस्त्री गेला. कंपनीनं इकामा, इथं राहायचा परवाना, रद्द केला, तिकीट हातात दिलं. जाताना आमच्यासाठी पाट ठेवून गेला, आठ बोटांनी केलेला. डुगडुगतो.

शुक्र. २१ एप्रिल
जेवताना लेक बोलली, मुक्ता. बारावीत आहे, लॉच करायचंय म्हणते. माझा ब्लॉग वाचते हे आजच कळलं. "बाबा, 'विदाउट प्रेज्युडिस', दॅट्स नॉट व्हॉट इट मीन्स. ही कॅन फाइल अगेन."
आवाज चढवला. मग कायद्याचा कोश काढला.
हक्काला बाध न येता. दावा पुन्हा लावता येतो. 'प्रेज्युडिस' म्हणजे पूर्वग्रह, हे शाळेत पाठ केलेलं. त्याच जोरावर तीन वर्षं अकलेचे तारे तोडतोय.
तिकडं मुदत अपघातापासून दोन वर्षं. अपघात २ मे २००४. अकरा दिवस.
बायको, सुनंदा, म्हणाली, "माझ्या तोंडाकडे काय बघताय? फोन करा त्याला."
आज शुक्रवार, सुट्टी. मेस्त्रीच्या घरी फोन नाही, शेजारच्या दुकानाचा नंबर त्याच्या मुकादमाकडे, आणि मुकादम लांब वफ्राच्या साइटवर.

शनि. २२
लागला. दुकानदारानं हाक मारली, मेस्त्री धावत आला, धाप ऐकू येत होती. "साहेबानू, बरे असात?"
सगळं सांगितलं. चुकलो म्हणालो. मेस्त्री म्हणाला, "म्हंजे कोर्टाचो राग होतो?"
"राग नव्हता हो मेस्त्री. मला अक्कल नव्हती."
कागद आहेत, ट्रंकेत. हॉस्पिटलचा रिपोर्टसुद्धा. "धाडूचे खंय?" असं विचारलं त्यानं.
कुठं? तो पहिला चोर अजून उचलत नाही. दुसरा माहितीतला एकच, टेक्सासवाला, आणि त्याचा ईमेल मी माझ्या हातानं पुसला. मेस्त्रीला म्हटलं, उद्या सांगतो. लाज वाटली.

रवि. २३
टेक्सासवाल्याचा ब्लॉक काढला. पोस्ट टाकली. मथळा: मी चुकलो. काय चुकलो, कॉमेंट का पुसली, सगळं. मुक्तानं इंग्रजी तपासलं, 'गैरसमज झाला' हे वाक्य काढायला लावलं. म्हणाली, "से यू डिलीटेड इट बिकॉज यू वेअर अँग्री." घातलं तसंच.
मेस्त्रीच्या पाटावर बसून लिहितोय. इथं दुपारचे चार, टेक्सासला सकाळचे आठ, आणि रविवार. कॉमेंट शून्य. नऊ दिवस.
दुकानदाराचा मिसकॉल दोनदा येऊन गेला. मेस्त्री तिथं उभा असणार.
ऊठ की रे बाबा. हवं तेवढं बोल मला.