नीनाकाकूंची पाहुण्यांची खोली

बॉथेल, अमेरिका. रविवार दुपार

ती. सुमित्राआत्यास वल्लरीचा वाकून नमस्कार.

आत्या, एका माणसाला राहायला किती खोल्या लागतात? मला उत्तर येत नाही, हे आधीच सांगून टाकते. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून दादांनी अख्ख्या तासगावात पेढे वाटले, त्यानंतर मी इथे येऊन घरांच्या सरकारी धोरणावर एम.ए. करते आहे, तरी येत नाही. आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण माणसं जेवढी असतील तेवढी असलेल्या खोल्यांत मावतात. इथे तो एका सरकारी ऑफिसला पडला आणि त्या भानगडीत मी सापडले. पण आधी तुझं सांग. पायाच्या कॅलिपरचा पट्टा मिरजेहून बदलून आणलास की अजून सुतळीवरच चाललंय? गुडघ्याची कळ कशी आहे? लग्नसराईची ब्लाउजं घेऊ नकोस असं बजावलं होतं, म्हणजे घेतली असणारच. घराला रंग लावताय असं आई म्हणाली, त्याबद्दल शेवटी. माझी तब्येत उत्तम. पाऊस रोज भुरभुरतो (इथले लोक छत्री घेत नाहीत, टोपी पुढे ओढतात आणि पाऊस नाहीच असं वागतात).

आता नीनाकाकू कोण, ते. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. मूळच्या नागपूरच्या, इथे एका लॅबमध्ये वीस-बावीस वर्षं नोकरी केली, मग मज्जातंतूंचा आजार झाला आणि पाय गेले. नवरा त्याआधीच गेला होता, पण कॅलिफोर्नियाला. आता व्हीलचेअरवर असतात आणि रवीकाका नावाच्या पुणेकर सद्गृहस्थांच्या घराचा खालचा मजला भाड्याने घेऊन राहतात. दोन बेडरूम. एकीत त्या झोपतात. दुसरीत त्यांचं सामान असतं: माणसाला झोळीत घालून पलंगावरून उचलणारं यंत्र (काकू त्याला पाळणा म्हणतात), अंघोळीची चाकाची खुर्ची, जादाची व्हीलचेअर, तिचा चार्जर आणि खोक्यांवर खोकी. मी शनिवार-रविवारी त्यांच्याकडे जाते. मदत करायला, असं मी म्हणते. जेवायला, असं काकू म्हणतात.

भाड्याचं असं आहे की मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा काकूंनी द्यायचा आणि उरलेलं ते सरकारी ऑफिस थेट रवीकाकांना देतं. याला व्हाउचर म्हणतात, आणि ते मिळेपर्यंत माणसं वर्षानुवर्षं रांगेत असतात. यंदा वरून येणारा पैसा आटला, म्हणून ऑफिसने नियम आवळले. एकट्या माणसाला मदत एकाच बेडरूमच्या हिशेबाने. दुसरी खोली उपकरणांसाठी लागत असेल, तर ऑफिसचा माणूस येऊन ती खरंच त्यासाठी वापरता का हे बघणार. नसेल, तर मदत कमी आणि वरचा फरक भाडेकरूने भरायचा. काकूंना तो झेपणारा नव्हता. म्हणजे खोली गेली की घर गेलं. हे सगळं मला नीट ठाऊक होतं, आत्या. याच नियमावर मी निबंध लिहिला होता आणि त्याला ‘ए’ मिळाला होता.

तपासणीच्या दिवशी काकूंना नेमकी डॉक्टरची वेळ मिळाली, म्हणून खोली दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आणि इथे माझ्यातली एम.ए. झोपली आणि तासगाव जागं झालं. घरी कुणी यायचं म्हणजे आपण काय करतो? पसारा आत टाकतो. तुझी कुबडी सगळ्यात आधी तांदळाच्या पिंपामागे जाते, मग शिलाई मशीनवर चादर पडते, मग चांगले कप निघतात. माझे हात आपोआप चालू लागले. मी पाळणा ढकलत गॅरेजमध्ये नेला. खुर्च्या नेल्या, खोकी नेली. रवीकाका मला थांबवतील अशी आशा होती असं आता म्हणते, पण ते तर माझ्यापुढे होते. “सरकारी माणूस येतोय यार, इज्जतीचा प्रश्न आहे,” असं म्हणत त्यांनी दारापुढचं गवत कापलं आणि वरून स्वतःची गादी आणून दिली. त्या गादीवर मी काकूंची कशिद्याची चादर घातली, उशा लावल्या, खिडकीत ट्युलिप ठेवले, उदबत्ती लावली. (धुराचा अलार्म वाजला. तो चालतो का हे बघणं तपासणीतच होतं, त्यामुळे त्या एका गोष्टीत आम्ही उत्तम पास झालो.)

तपासणीस डग नावाचा अवाढव्य आणि फार सज्जन माणूस निघाला. दारात न सांगता बूट काढले. मी पोह्यांची बशी पुढे केली. तो म्हणाला, ड्यूटीवर काही घेता येत नाही. मी म्हटलं, थोडे घ्या. तो म्हणाला, पाणीसुद्धा नाही. मी म्हटलं, निदान चव तरी! तो बिचारा दोन पावलं मागे सरकला, मी बशी घेऊन दोन पावलं पुढे, असे आम्ही हॉलभर फिरलो. शेवटी त्याने हातातल्या टॅबलेटवर काहीतरी टिपलं. मला वाटलं, माझा चांगुलपणा. मग तो त्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “वा! काय सुंदर गेस्ट रूम आहे!” आणि मी काय म्हणाले असेन? “थँक यू” म्हणाले, आत्या. वर “कधीही या” म्हणाले.

काकू परत आल्या, खोलीच्या दाराशी थांबल्या.

“माझा पाळणा कुठाय?”

“गॅरेजमध्ये.”

“आणि तो माणूस?”

“गेला. फार खूश होता.”

काकूंनी खिडकीतले ट्युलिप नीट न्याहाळले. मग म्हणाल्या, “तू शिकलेली आहेस असं मला कुणीतरी सांगितलं होतं.”

ऑफिसचा निरोप यायला वेळ लागला नाही: दुसरी खोली पाहुण्यांसाठी वापरली जाते, म्हणून मदत एका बेडरूमची. रवीकाका दारात येऊन उभे राहिले, चप्पल घालत-काढत. भाडं वाढवणार नाही म्हणाले, पण कमी करायचं तर त्यांच्याच डोक्यावर घराचं कर्ज. काकूच त्यांना म्हणाल्या, “रवी, रडू नकोस, घर मला सोडायचंय.” मग आम्ही एका बेडरूमची घरं बघायला लागलो. व्हाउचर चालत नाही असं म्हणायला या राज्यात कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कुणीच तसं म्हणत नाही. “अरेरे, आज सकाळीच गेलं!” म्हणतात. बॉथेलमधली सगळी घरं सकाळीच जातात. एकाचं मात्र शिल्लक होतं. व्हीलचेअरला सोयीचं, अशी जाहिरात होती. बघायला गेलो तर दाराला तीन पायऱ्या. मालक म्हणाला, “फक्त तीनच!” जणू काही आमच्यासाठी कमी करून दिल्या होत्या.

त्या रात्री मी ऑफिसला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात मानवी प्रतिष्ठा होती, संविधान होतं. काकूंनी ते शेवटपर्यंत वाचलं, छान आहे म्हणाल्या, घडी घालून ठेवलं आणि सकाळी स्वतः फोन केला. “तुमचा माणूस आला तेव्हा माझं सामान गॅरेजमध्ये होतं. पुन्हा पाठवा.” बस, एवढंच. मला म्हणाल्या, “या वेळी काही आवरायचं नाही. चहाचा कपसुद्धा उचललास तर याद राख.”

डग पुन्हा आला. खोलीत शिरला आणि खुर्ची नि खोक्यांच्या मधे अडकला, वळता येईना. काकू पाळण्यातच होत्या. मी त्यांना एका खुर्चीतून दुसरीत बसवायला उचलत होते, आणि मधल्या बटणाशी माझा नेहमीप्रमाणे गोंधळ झाल्याने त्या जमिनीपासून दोन हात वर झोळीत लोंबकळत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, “मिस्टर डग, आता सांगा, पाहुण्यांना कुठे झोपवू?” त्या माणसाचे कान लाल झाले. त्याने टॅबलेट खोक्यावर ठेवला, आधी मला बटण दाखवलं, काकू सुखरूप खुर्चीत बसल्यावर मगच लिहायला घेतलं.

काल कळलं, खोली मंजूर झाली. एका वर्षासाठी. “म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा लटकायचं,” काकू म्हणाल्या, “दर वर्षी पटवून द्यायचं की बाई अजून उठून चालायला लागलेली नाही.” मग त्यांनी मला पोहे करायला लावले आणि बशी घेऊन माझ्यामागे हॉलभर फिरल्या. खुर्चीला मोटर आहे, मी हरले.

आईला आणि दादांना नमस्कार.

तुझी,
वल्लरी

ता. क. पत्र खरं तर त्या रंगासाठी लिहिलं (पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवते आहे). इथल्याच कॅरी गावात राहणाऱ्या शार्दूलचे आईवडील येत्या रविवारी तासगावला आपलं घर बघायला येणार आहेत. (स्थळ आपण शोधलं असं दादांना वाटतं. आम्ही आठ महिने बोलतोय. वाटू दे.) आईच्या तोंडून निसटलं की तू तेवढ्यापुरती विट्याला जाणार आहेस, आणि तसं तूच म्हणालीस. तूच म्हणणार, हे मला माहीत आहे. आत्या, जाऊ नकोस. माझी कॉलेजची फी ज्या मशीनवर शिवली गेली, ते मशीन पुढच्या खोलीत राहू दे, वर चादर नको. तू त्याच्याशेजारी बस. कुबडी हाताशी ठेव, पिंपामागे नाही.

ता. क. २. शार्दूलला विचारलं, तुझ्या आईला चालेल ना. तो म्हणाला, “आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. आत्यांकडे जादा कुबडी आहे का?”

ता. क. ३. विट्याला जायला तू शेजारच्या यशची भाड्याची गाडी सांगितली होतीस ना? आज पहाटे मी त्याला इथून फोन करून ती कॅन्सल केली.